अक्षरांची माय : सावित्रीबाई फुले

दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालतो. पहिल्या शिक्षिका म्हणून भाषणं करतो. पण वर्गात बसलेल्या लेकरांना त्यांनी काय दिलं, याचा विचार व्हायला पाहिजे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवलं. पुढे अहमदनगरला फॅरारबाई व पुण्यात मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं. उशिरा पाटी हातात धरलेल्या माणसालाच अक्षर किती जड असतं ते कळतं.

त्या काळी पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर गिरवणं, पाढे घोकणं आणि छडी खाणं, एवढंच शिक्षण. अस्पृश्यांच्या पोरांना तिथे जागा नव्हती. मुलीचं तर नावच नको! बाई लिहायला शिकली तर नवरा मरतो, असा समज होता. अशा काळात १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. लोकांनी शेण मारलं, दगड मारले. १८४९ साली घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. तरी माई वर्गावर जातच राहिल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

या शाळांचं फळ काय? मुक्ता साळवे! मांग समाजातली ही बालवयातली पोर, शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली. १८५५ साली तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, हा सवाल तिने केला. पेशवाईतला जुलूम मांडला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आयाबायांचे हाल लिहिले. हे काही गिरवून येत नाही. जिला स्वतःच्या मनातलं मांडायला शिकवलं, तीच असं लिहू शकते.

माई नुसत्या शिकवत नव्हत्या, स्वतः लिहीतही होत्या. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला. जोतीरावांना लिहिलेली त्यांची पत्रेही आहेत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मोडी व बाळबोध लिहिणं-वाचणं आणि हिशेब शिकवा, अशी मागणी केली. त्यामागे दोघांचा वर्गातला अनुभव होता.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात आणलं. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानलं आणि १९४६ साली शूद्रांवरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. बाबासाहेबांची लेखणी आपण रोज आठवतो. पण आपली मुलं जयंतीला काय करतात? मोठ्यांनी लिहून दिलेलं भाषण पाठ करून म्हणतात. पगाराच्या वहीवर अंगठा उमटवणारी माणसं मी गिरणीत पाहिली आहेत. पाठांतर म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यावर उमटवलेला अंगठाच होय.

म्हणून आयाबायांना आणि बापमंडळींना विनंती आहे. मुलाला वही द्या. चाळीबद्दल, आजीबद्दल, शाळेबद्दल चार ओळी त्याच्याच शब्दांत लिहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर रागवू नका, ते मागून सुधारेल. आधी मनातलं कागदावर उतरू द्या. आपल्या वस्तीतून एक जरी मुक्ता निघाली, तरी माईंच्या फोटोला घातलेला हार सार्थकी लागला म्हणायचा.

सावित्रीमाईंना विनम्र अभिवादन! जयभीम!