भास्कराचार्यांचा दिवा आणि आपले समरूप त्रिकोण



उस्मानपुऱ्यातलं देवगिरी महाविद्यालय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. त्या नावाचा किल्ला, म्हणजे दौलताबाद, इथून जवळच. तिथल्या यादव दरबाराने भास्कराचार्यांच्या मुलाला आणि नातवाला विद्वान म्हणून मान दिला. म्हणून दहावीला ‘समरूपता’ शिकवताना मी भास्कराचार्यांपासूनच सुरुवात करते.

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. 1114 चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणित-भूमितीचा भाग. लीलावती ही त्यांची मुलगी, अशी कथा आहे. पण ती कथाच. पुढे 1183 मध्ये, जवळपास सत्तरीला आल्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ पूर्ण केला. शिकणं-लिहिणं थांबलं नाही!

‘लीलावती’त सावलीचं एक गणित आहे. दिव्याची उंची साडेतीन हात. दिव्याच्या पायथ्यापासून 3 हातांवर 12 अंगुळांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा, शंकू उभा. सावली किती?

मुलं पटकन म्हणतात, साडेतीन भागिले अर्धा म्हणजे 7, मग सावली 3 भागिले 7. इथेच चुकतं. संगत बाजूंचं गुणोत्तर 7 हे बरोबर आहे. पण 3 हात ही मोठ्या त्रिकोणाची बाजूच नाही. मोठ्या त्रिकोणाचा पाया सावलीच्या टोकापर्यंत जातो. तो 7 सावल्यांएवढा. त्यातली एक सावली शंकूची स्वतःची, उरलेल्या 6 सावल्या म्हणजे 3 हात. म्हणून सावली अर्धा हात, 12 अंगुळं. भास्कराचार्यांच्या रीतीत दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करतात, ती याचसाठी.

कन्नड घाट उतरलं की चाळीसगावजवळ पाटण लागतं. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. इ.स. 1207 च्या सुमाराचा तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

पालकहो, आज रात्री टॉर्च आणि पेन्सिल घेऊन मुलांना सावली मोजू द्या. आधी एकच विचारा: मोठा त्रिकोण कुठे संपतो?