डॉ. कमल रणदिवे : कॅन्सरच्या पेशींचा माग

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. पण कमलताईंनी संशोधनाची वाट धरली. १९३९ मध्ये लग्न होऊन त्या रणदिवे झाल्या, तरी शिक्षण थांबलं नाही. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ ला मुंबईत पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या, आणि परत येऊन मुंबईत टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. स्तनाच्या कॅन्सरमागे अनुवंश, हार्मोन आणि विषाणू यांचा किती हात आहे, हे त्यांनी उंदरांवर तपासलं. १९८२ ला पद्मभूषण मिळालं, २००१ साली त्या गेल्या.

आज गाठीच्या पेशी तपासूनच औषध ठरतं. हार्मोनचे रिसेप्टर असतील तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या, हर-२ प्रथिन जास्त असेल तर ट्रास्टुझुमॅब. पण ही तपासणी व्हायला बाई दवाखान्यात तर पोचली पाहिजे! आपल्या जिंतूरकडं बायका दुखणं अंगावर काढतात. सुट्टीत घरी गेलात की आईला, मावशीला एवढं सांगाच : गाठ लागली तर लपवू नका, लगेच दाखवा.