सवाई जयसिंह : वेधांकडून नियमाकडे

सवाई जयसिंहाचा जन्म १६८८ मध्ये आंबेरच्या कछवाह घराण्यात झाला. बालवयातच गादीवर आलेला हा राजा मराठ्यांच्या इतिहासात प्रथम भेटतो तो १७०२ मध्ये विशाळगडाच्या वेढ्यात, औरंगजेबाच्या बाजूने लढताना. पुढे माळव्याची सुभेदारी त्याने तीनदा सांभाळली आणि १७२७ मध्ये जयपूर वसविले. त्या नगराची वस्ती आज जगतपुऱ्यापर्यंत पसरली आहे. परंतु संशोधनपद्धतीच्या अभ्यासकाला राजकारणी जयसिंहापेक्षा विगमनाची वाट चोखाळणारा ज्योतिषी जयसिंह अधिक मोलाचा वाटतो.

सारण्यांवरून वर्तविलेली ग्रहणे व ग्रहस्थाने प्रत्यक्षाशी जुळत नाहीत, हे त्याच्या ध्यानी आले. जुन्या अंकांना बीजसंस्कार देऊन भागविण्याची रीत रूढ होतीच. जयसिंहाने मात्र नव्याने वेध घ्यावयाचे ठरविले, आणि त्याआधी संशय घेतला तो उपकरणांवर. समरकंदच्या धर्तीची पितळी यंत्रे लहान होती. त्यांवर कलांचे विभाग पाडता येत नसत, आस झिजे, मध्य ढळे. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. एका स्थळीचे वेध नियम ठरविण्यास अपुरे, म्हणून दिल्ली व जयपूरखेरीज मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा बांधल्या. निष्कर्षाची घाई न करता पुरावा वाढवीत जाण्याचा हा संयम त्या काळी विरळाच म्हटला पाहिजे.

त्याच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित. युक्लिडची भूमिती त्याने अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, आणि टॉलेमीचे ज्योतिष ‘सम्राट सिद्धान्ता’त. गृहीतांकडून प्रमेयाकडे उतरणारे निगमन आणि वेधांकडून सारणीकडे चढणारे विगमन, दोन्ही एकाच लेखणीखाली आली. शं. बा. दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त (१८९६) या गुरुशिष्यवजा जोडीची दखल घेतली आहे.

यूरोपीय गणितही जयसिंहाने प्रमाण म्हणून स्वीकारले नाही. जेझुइट पाद्री फिगेरेदो यांच्यासमवेत त्याने पोर्तुगालला मंडळ धाडले. त्यांनी आणलेल्या ला हीरच्या सारण्यांत चंद्रस्थान अर्ध्या अंशाने चुकते, असे त्याला आढळले.

हे सारे ‘झीज-ए-मुहम्मदशाही’त संकलित झाले, चौकट मात्र भूकेंद्रीच राहिली. जयसिंहाच्या जन्माआधी एकच वर्ष न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ निघाला होता. पण वेधांची रास कितीही वाढली तरी तिच्यातून तशी उपपत्ती आपोआप उगवणे शक्य नव्हते. १७४३ मध्ये जयसिंह निवर्तला आणि वेधकार्य मंदावले. मथुरेची वेधशाळा नामशेष झाली. जयपूरची २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली.