चार चित्रे आणि रोहिणीचे पाणी

पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गात गात आख्यान सांगतात. चित्र दिसले की पुढची कथा आठवते. तथागतांचे चरित्रही आपल्या मुलांना असेच चार चित्रांत पाठ असते : म्हातारा, रोगी, प्रेत, संन्यासी. मग गृहत्याग. पण २९ वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता, हे कसे? असे विचारले की वर्ग गप्प!

हा प्रश्न धसास लावणारा माणूस याच किनाऱ्यावरचा, सीमेपलीकडच्या गोव्यातला. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, गाव साखवाळ. घर सारस्वत ब्राह्मणाचे, शिक्षण जेमतेम. मराठी मासिकातल्या बुद्धचरित्राने त्यांना झपाटले. दुसरा कोणी तेवढ्यावर थांबला असता. १८९९ साली पत्नी-मुलीला मागे ठेवून ते निघाले. (त्या माउलीने काय सोसले, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो.) काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात धम्माची दशा पाहून निराश झाले. १९०२ मध्ये सिलोन गाठून सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये दिले. अट एवढीच, महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. हार्वर्डला जाऊन त्यांनी विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले.

एवढी पायपीट कशासाठी, ते १९४०-४१ च्या ‘भगवान बुद्ध’ मध्ये दिसते. रथातून फिरताना ही दृश्ये पाहणारा राजपुत्र महापदान सुत्तात आहे, पण तो विपस्सी, फार पूर्वीचा बुद्ध! अरियपरियेसन सुत्तात गौतम आईवडील रडत असताना घर सोडतात. म्हणजे मध्यरात्रीचे पलायनही गेले. मग घर सोडले का? अत्तदंड सुत्तात माणसांची आपसांतली भांडणे पाहून वाटलेले भय आहे. कोसंबींनी ते शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याशी जोडले. शस्त्र घेऊन भाऊबंदांवर धावण्याला गौतम विटले होते.

१९३७ साली कोसंबींनी परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. चार दृश्यांबद्दलचा हाच प्रश्न बाबासाहेबांनी त्याच्या प्रास्ताविकातच विचारला आहे. आणि आत सिद्धार्थ शाक्यांच्या संघात उभा राहून रोहिणीच्या युद्धाला विरोध करतो.