कुळांचे कैवारी बाबासाहेब

मराठीत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक घराणे, आणि दुसरा, दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पहिल्या कुळाचे चटके त्यांनी स्वतः सोसले. दुसऱ्या कुळासाठी ते झगडले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. मुंबईत हे कुटुंब भाड्याच्या चाळीत राहिले. १९१७ साली अमेरिका व इंग्लंडमधील शिक्षणानंतर ते बडोदा संस्थानात नोकरीस रुजू झाले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. परंतु जात उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. भाडे देण्याची ऐपत होती, संस्थानची नोकरी होती. मात्र निवाऱ्याचे संरक्षण करणारा कायदा पाठीशी नव्हता.

कोकणातील कुळांची स्थिती याहून निराळी नव्हती. खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा मोठा वाटा व वेठ घेई. त्याची मर्जी फिरली की पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत जाई. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांचा हा संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३४ साली बाबासाहेबांनी चरीच्या शेतकरी परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळांना कायदेशीर भोगवटादाराचा दर्जा द्यावा, तसेच खोतांना वाजवी नुकसानभरपाई मिळावी, अशी त्याची रचना होती. सूडाला तेथे थारा नव्हता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले. महार, कुणबी, आगरी एका मोर्चात होते. विधेयक मंजूर झाले नाही. पण प्रश्न मागे हटला नाही. १९४८ साली कुळकायदा आणि १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला.

आज आपल्या नवी मुंबईत शेतांच्या जागी सदनिका उभ्या आहेत. आता कूळ म्हणजे भाडेकरू. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाड्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय पाणी वा वीज तोडता येत नाही. भाडेकरूनेही भाडे वेळेवर द्यावे आणि लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करू नये.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे एकेकाळी भाड्याच्या एका खोलीत राहिली. आज त्यांपैकी काही जण घरमालक झाले आहेत. दारात आलेल्या भाडेकरूचे कूळ विचारण्याआधी त्यांनी बडोद्याचे ते विश्रामगृह आठवावे.