अभिनेत्री ललिता पवार : एका चेहऱ्याचा सत्तर वर्षांचा प्रवास



२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर 'रामायण' मालिका पुन्हा लागली, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी ती मुलांना शेजारी बसवून पाहिली असेल. त्यातली मंथरा आठवते ना? कैकेयीच्या कानाला लागणारी, कुबड असलेली, एक डोळा बारीक करून बघणारी म्हातारी. ती पडद्यावर आली की मुले लगेच नाक मुरडायची. त्या मंथरेच्या मागे कोण होते, तो डोळा तसा का होता आणि त्या डोळ्याने काय काय करून दाखवले, हे आज आपण बघूया.

येवल्याची अंबा

पैठणीसाठी प्रसिद्ध असलेले नाशिक जिल्ह्यातील येवला आपल्याला माहीतच आहे. तिथे १८ एप्रिल १९१६ रोजी एका सधन कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव लक्ष्मणराव सगुण. मुलीचे नाव अंबा. ही अंबा पुढे 'ललिता पवार' या नावाने देशभर ओळखली गेली.

त्या काळी सिनेमाला आवाज नव्हता. मूकपटांचा जमाना होता. चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात काम करणे समाजाला मुळीच मान्य नव्हते. अशा काळात अंबाने बालवयातच कॅमेऱ्यासमोर पाऊल टाकले. बघता बघता ती नायिका झाली. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटात त्यांनी भूमिका तर केलीच, शिवाय त्याच्या निर्मितीतही सहभाग घेतला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १६! बोलपट आल्यावर स्वतःची गाणी स्वतः गायली. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९), मास्टर विनायकांचा 'अमृत' (१९४१) अशा चित्रपटांतून मराठी प्रेक्षकांनाही त्या परिचित झाल्या. देखणी, धाडसी, गाणारी नायिका अशी त्यांची ओळख होती. पुढचा रस्ता अगदी सरळ दिसत होता.

ती एक थप्पड

१९४२ साल. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. प्रसंगात नायिकेला थप्पड मारायची होती. समोर होते अभिनेते भगवान, म्हणजे पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोहोचलेले आपले भगवानदादा. त्यांच्या मनात राग नव्हता की वैर नव्हते. पण हात जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याजवळची नस फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला अर्धांगवायू झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही तो नाहीच. तो कायमचा बारीक राहिला.

वय होते २६. ज्या चेहऱ्यावर सगळे उभे होते, तोच चेहरा बदलला. नायिकेच्या भूमिका संपल्या.

इथे थोडे थांबूया. ही गोष्ट सांगताना बरेचदा असे म्हटले जाते, की जे झाले ते बरेच झाले, त्या अपघातानेच त्यांना मोठे केले. मुलांना असे सांगू नये असे मला मनापासून वाटते. त्या थप्पडीने त्यांना काही दिले नाही, उलट हातातले काढून घेतले. जे पुढे मिळाले, ते त्यांनी कामाने मिळवले. हा फरक मुलांना कळायलाच हवा.

खाष्ट सासू आणि मायाळू आई

ललिताबाईंनी चेहरा लपवला नाही. घरीही बसल्या नाहीत. वयाने मोठ्या, करड्या स्त्रियांच्या भूमिका त्यांनी स्वीकारल्या. प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. हो, 'ध'चा 'मा' करणारी म्हणून आख्यायिकेत बदनाम झालेली तीच आनंदीबाई. व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी अशी उभी केली, की प्रेक्षकांना ती खरीच वाटू लागली. त्यानंतर हिंदी सिनेमातली खाष्ट सासू म्हणजे ललिता पवार, हे समीकरणच होऊन बसले.

पण त्यांचे काम तेवढ्यावरच थांबले असे समजू नका. खाली तीन जोड्या देत आहे. प्रत्येक जोडीतले दोन्ही चित्रपट एकाच वर्षातले आहेत.

१९५५ : गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या भाचीच्या संसारात ढवळाढवळ करणाऱ्या, हुकूम सोडणाऱ्या श्रीमंत आत्याबाई आहेत. त्याच वर्षी राज कपूर यांच्या 'श्री ४२०' मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. केळ्यांच्या भावावरून नायकाशी हुज्जत घालणारी आणि त्या अनोळखी पोराला लेकरासारखे वागवणारी ही म्हातारी कोण विसरेल?

१९५९ : बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये त्या जातीपातीचे सोवळे जपणाऱ्या, अस्पृश्य म्हणून एका निरागस मुलीला दूर लोटणाऱ्या वृद्ध आत्या आहेत. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'त त्या घरमालकीण मिसेस डिसा आहेत. तोंडाने सारखी रागावणारी, पण मनाने लोण्यासारखी मऊ. ही मिसेस डिसा भेसळीचे औषध घेऊन मरते, तेव्हा आजही डोळ्यांत पाणी येते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

१९६१ : 'जंगली'मध्ये घरात कोणालाही हसू न देणारी कडक आई. त्याच वर्षी 'मेम दीदी'मध्ये वस्तीतल्या दोन दांडगटांना माया लावणारी बाई, आणि ही तर चित्रपटाची मुख्य भूमिका होती.

आता बघा. डोळा तोच, चेहराही तोच. 'दहेज'मध्ये तो डोळा बारीक होतो तेव्हा अंगावर काटा येतो. 'अनाडी'त तोच डोळा बारीक होतो तेव्हा आपली आजी आठवते. म्हणजे दुष्टपणा त्या डोळ्यात कधीच नव्हता. तो डोळा काय सांगणार, हे ललिताबाईंचा अभिनय ठरवत होता. आणि त्यांना कोणती भूमिका द्यायची, हे समोरचा दिग्दर्शक ठरवत होता. पुष्कळांना त्या चेहऱ्यात फक्त खलनायिका दिसली. राज कपूर आणि हृषीकेश मुखर्जी यांना त्यात आईही दिसली. हृषीदांनी पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये त्यांना रुग्णालयातली कडक पण प्रेमळ मेट्रन केले, तेही यामुळेच असावे.

१९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वयाच्या सत्तरीत, १९८७ साली सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या 'रामायण'मधून त्या छोट्या पडद्यावर आल्या आणि सिनेमागृहात कधी न गेलेल्या माणसांनाही माहीत झाल्या. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरदर्शन अशी सुमारे सत्तर वर्षांची कारकीर्द! हिंदी, मराठी, गुजराती मिळून सातशेच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या वर्गासाठी दोन गोष्टी

पहिली गोष्ट हाताची. ती थप्पड रागाची नव्हती, खोटी खोटी होती, आणि मारणाऱ्याला पश्चात्ताप करूनही ती परत घेता आली नाही. मग चिडून मारलेल्या थप्पडीचे काय? चेहऱ्यावर, कानशिलात बसलेल्या एका फटक्याने मुलाचा कानाचा पडदा किंवा डोळा कायमचा दुखावू शकतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. पण घरात तो कायदा वाचायला कोण बसते? म्हणून पालकहो, ही गोष्ट तुमच्यासाठीही आहे.

दुसरी गोष्ट भूमिकेची. आपल्या वर्गात एखादे मूल तिरळे असते, एखाद्याच्या गालावर भाजल्याची खूण असते, एखादी मुलगी पाय ओढत चालते. मुले त्यांना नावे ठेवतात, आणि कधी कधी नकळत आपणही त्याच नावाने ओळखतो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजा-राणी कोणाला करतो आणि राक्षस, चेटकीण, मंथरा कोणाला? एकदा आपली जुनी यादी काढून प्रामाणिकपणे बघा. दिग्दर्शकाच्या खुर्चीत तिथे आपणच असतो. त्या मुलीला या वर्षी गंगामाई करून बघा, जिजाऊ करून बघा, सूत्रधार करून बघा. ती काय करू शकते, हे संधी दिल्याशिवाय आपल्यालाही कळणार नाही आणि तिलाही कळणार नाही.

आणि एक राहिलेच. लहान मुलाचा डोळा तिरळा दिसत असेल, तर मोठेपणी आपोआप सुधारेल म्हणून थांबू नका. शाळेतल्या आरोग्य तपासणीत दाखवा, नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. लवकर उपचार झाले तर पुष्कळ मुलांचा डोळा सुधारतो. उशीर झाला तर त्या डोळ्याची नजर कायमची कमजोर राहू शकते.

मुलांना ललिता पवार यांची ओळख करून देताना मंथरेवरच थांबू नका. 'श्री ४२०'मधला केळीवालीचा प्रसंगही दाखवा आणि मग विचारा, या दोघी एकच आहेत हे ओळखले का? मुलांची उत्तरे ऐकण्यासारखी असतील.