अमर सूर

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील किराना गावी झाला. पुढे मिरजेस त्यांनी घर केले. त्या काळी मैफल संपली की गवयाचा सूर हवेत विरून जाई. विद्या चोरीस जाईल या भयाने कित्येक गवई ध्वनिमुद्रणास कचरत. खाँसाहेबांनी मात्र तबकडीवरील अवघ्या तीन मिनिटांत रागाचे रूप उभे केले. त्यांची तबकडी ऐकून गदगच्या एका बालकाला गाण्याचा ध्यास लागला. गुरूच्या शोधार्थ त्याने घर सोडले. तोच पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून कीर्ती पावला.

१९३७ साली दक्षिणेत प्रवास करीत असता एका रेल्वे स्थानकावर खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेत त्यांची कबर आहे. सूर मात्र अंबरनाथ-बदलापूरच्या गाडीतील प्रवाशालाही आज खिशातील मोबाइलवर ऐकता येतो.